घरात खरंच कामी येणारं वाक्य कोणतं? (सकाळचे फोटोवाले सुविचार नको)

धुऱ्यावरचा_पोट्टा (दारव्हा, जि. यवतमाळ)

मंडळी, आमच्या गावच्या ग्रुपवर रोज सकाळी पाचपासून सुविचार चालू होते. कमळाचं फूल, उगवता सूर्य अन् खाली 'यश त्यालाच मिळते जो' वगैरे वगैरे. टाकणारा कोण, तर ज्यानं उन्हाळ्यात माझा फवारणीचा पंप नेला अन् अजून आणून दिला नाही. असो. ते सुविचार वाचून कोणाचा हात थांबला असं मी तरी पाहिलं नाही. पण प्रत्येक घरात एखाददोन वाक्यं अशी असतात की ऐन टायमाला ती आठवते अन् माणूस जागीच थांबते. मले ती पाहिजे.

आमच्या घरी आबाजीचं वाक्य आहे, "ओल हातानं पाहा लागते, डोयानं नाइ." मूळ गोष्ट पेरणीची. मृग लागला अन् पहिला दणका पडला की गावातले सगळे ट्रॅक्टर एकदम बाहेर, कृषी केंद्रासमोर बॅगा भरणं चालू, अन् आपण एकटे घरी बसलो तर असं वाटते की जग पुढं गेलं. वरून पाहिलं तर वावर काळंभोर, चप्पल फसते, कोणालेही वाटन की झालं काम. आबाजी वीतभर खड्डा उकरायला लावायचे, वरचे चार बोटं चिखल अन् त्याच्या खाली कोरडा फुफाटा, खालची माती मुठीत दाबली की भसकन मोकळी. मग पेरायचं नाही, शेजाऱ्याचं निघालं तरी नाही. कृषी विद्यापीठवाले पण तेच सांगतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, फक्त ते मिलिमीटरमध्ये सांगतात अन् आबाजी मुठीत सांगायचे. ज्यानं सोयाबीनची दुबार पेरणी केली आहे त्याले याची किंमत माहीत आहे. बरं आता मी हे वाक्य पेरणीपुरतं ठेवलं नाही. कोणी म्हटलं जुना ट्रॅक्टर आहे एकदम कंडिशनमध्ये, की मी म्हणतो थांब बाप्पा, खाली वाकून पाहू.

दुसरं आजीचं. "उसने मागाले जाशीन त जेवून जाय." उपाशी माणूस समोरचा म्हणन ते कबूल करते, व्याज किती ते पण विचारत नाही, त्याले फक्त तिथून लवकर निघायचं असते. पोट भरलेला माणूस निदान दोन प्रश्न तरी विचारते.

तर सांगा, तुमच्या घरचं वाक्य कोणतं अन् ते कुठं कामी आलं. अन् कोणती म्हण तुम्ही सोडून दिली ते पण सांगा. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' हे आमच्याकडे आता फक्त सोयरिकीच्या बैठकीत हसायसाठी उरलं आहे, पोरीचा बाप ते खालून वर वाचते.

---

बचतगटवाली_ताई (चांदूर रेल्वे)

भाऊ तुमच्या आजीचं वाक्य मी आमच्या गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते, चालेल ना?

आमच्या सासूबाईचं वाक्य दोनच शब्दाचं. "सही उद्या." त्या स्वतः अंगठा लावणाऱ्या, अन् त्यांच्या माहेरची जमीन त्यांच्या आजोबाच्या एका अंगठ्यावर गेली, तेव्हापासून त्या घरात नियमच झाला की कागद कोणताही असो, आणणारा देव असो, आज सही नाही.

हे मले कामी आलं ते असं की आमच्या गल्लीत दर चार-सहा महिन्यानी कोण्या ना कोण्या कंपनीचा पोट्टा येते, पाठीवर बॅग, हातात टॅब अन् अंगठ्याची मशीन. अंगणवाडीच्या ओट्यावर बाया बसवते अन् म्हणते ताई आधार काढा, लगेच पैसे. पाच जणींचा गट, एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, हे तो सांगते खरं पण अशा गोड आवाजात की जसं काही प्रसाद वाटून राहिला. मी म्हटलं सही उद्या. तो म्हणे ताई आज लास्ट डेट आहे. मी म्हटलं मग राहू द्या. दुसऱ्या दिवशी तोच पोट्टा, तीच मशीन, तोच ओटा! रात्री पोरीनं मोबाईलवर काढलेला कागदाचा फोटो मोठा करून वाचून दाखवला, तेव्हा समजलं की फी अन् विमा आधीच कापून हातात कमी येणार पण व्याज पूर्ण रकमेवर, अन् हप्ते भरत गेलं तरी व्याज त्या मूळ रकमेवरच चालू. आमच्या बचत गटात महिना शेकडा दोन लागते, ते पण काही स्वस्त नाही मी म्हणत नाही, पण ते व्याज शेवटी आमच्याच पेटीत येते अन् दिवाळीला वाटलं जाते.

माझ्या जावेला पण सांगितलं होतं. तिनं त्याच दिवशी केली सही. तिचं काय झालं ते इथं लिहीत नाही.

सोडून दिलेलं म्हणाल तर "सगळ्याइचं झाल्यावर बाईनं बसावं". याले म्हण म्हणा की रीत म्हणा. शिबिरात माझं रक्त 8 च्या खाली निघालं तेव्हा सोडलं. आता मी पोळ्या लाटता लाटताच पहिली खाते, ज्याले बोलायचं त्यानं बोलावं.

---

उपकेंद्रातली_सिस्टर

ताई, गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 पाहिजे, म्हणून ते सोडलं ते लय चांगलं केलं. गोळ्या चालू आहेत ना? चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या.

मूळ विषयावर मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. सगळे चांगल्या वाक्यांबद्दल बोलताहेत, पण गावात सगळ्यात जास्त चालणारं वाक्य माझ्या मते "काही होत नाही बाप्पा" हे आहे. कोणी भिंतीवर लिहीत नाही, सुविचारात येत नाही, पण अख्खं गाव त्याच्यावर चालते. हातमोजे घाला म्हटलं की "काही होत नाही, बारा वर्षाचा होतो तेव्हापासून फवारतो."

2017 ला यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारायचा अन् तो अंगावरच येणार, त्यात दोन-तीन औषधं एका टाकीत मिसळलेली, वरून उकाडा. शेकडो लोक दवाखान्यात अन् वीसच्या वर जीव गेले. त्यातले बरेच रोजानं फवारणारे होते, स्वतःचं वावर नसलेले. आमच्याकडे तेव्हा जे पेशंट आले त्यांच्या शर्टाची पाठ ओली असायची. मला आधी वाटलं घाम आहे. तो घाम नव्हता, पंप गळत होता अन् औषध दिवसभर पाठीत मुरत होतं. लाळ गळून राहिली, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक, अन् माणूस म्हणते सिस्टर फक्त चक्कर आहे, काही होत नाही.

तेव्हापासून आमच्या उपकेंद्रात मी तीन गोष्टी सांगते अन् त्या आता गावातली पोरं मलाच म्हणून दाखवतात. "वारा पाठीशी, पोट भरलेलं, डबा सोबत." वाऱ्याच्या तोंडावर फवारायचं नाही, उपाशीपोटी फवारायचं नाही, अन् त्रास झाला तर औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात या, कारण कोणतं विष आहे ते कळलं तरच डॉक्टर बरोबर इलाज करतात. डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिता येते असं नाही, हे पण सांगावं लागते हो! अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा, अन् बेशुद्ध माणसाला ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका.

सापासाठी आमच्या आशाताईनं बनवलेलं आहे, "आधी गाडी, मग गंडा." मी आधी चिडले होते की गंड्याचं नाव कशाला घेता, तर त्या म्हणे सिस्टर, गंडा नको म्हटलं तर लोक आपल्याला न सांगता आधी तिकडंच जातात. मग म्हटलं बरोबर आहे. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय, तिथं लस फुकट मिळते. रात्रीची लाईन (वीज) असली की ओलित करायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणारे अंधारात नुसते मोबाईलच्या उजेडात जातात, बॅटरी अन् गमबूट घ्या रे बाबांनो.

---

परा_रोवणा (आमगाव, गोंदिया)

तुमच्याकडे कापूस, आमच्याकडे धान. आमच्या बाबाचं एकच, "परा म्हातारा करू नोको." पऱ्हे (धानाची रोपं) 21 ते 25 दिवसाचे झाले की रोवणा (लावणी) झाला पाहिजे, तलावाच्या पाण्याची वाट पाहत बसलं अन् चाळीस दिवसाचे झाले की मग फुटवेच फुटत नाही, खत कितीही टाका.

प्रॉब्लेम असा आहे की बाबा हे आता माझ्या लग्नाबद्दल म्हणते. जेवताना. पाहुण्यासमोर. बत्तीस वय आहे माझं अन् धानाची पाच एकर आहे, पण पोरीवाले आले की सातबारा नुसता चाळते अन् विचारते नोकरी कुठं आहे. त्यात माझा काय दोष, तलावातच पाणी नाही!

सोडलेली म्हण, 'देव देते तेव्हा छप्पर फाडून देते'. आमचं छप्पर अवकाळीनं फाडलं, दिलं काही नाही.

---

बचतगटवाली_ताई

😂 भाऊ, माझ्या माहेराकडं पाहते कोणी असली तर. फोटो पाठवा, पण शेतातला नको, शर्ट इन करून काढा.

---

खारपाणपट्टा (दर्यापूर)

पोट्ट्या, चांगला विषय काढला. टाइप माहा नातू करून देऊन रायला, चुका असतीन त त्याच्या.

आमच्या इकडं बोरिंगचं पानी खारं, पिकाले चालत नाइ, पूर्णेच्या दोन्ही अंगानं सारं वरच्या पान्यावर, कपाशी तूर हरभरा जे आभाय देईन थे आपलं. अशा मुलखात उधारीवर सन कराची सवय लागली का मानूस उठत नाइ. गाडगेबाबा आमच्याच इकडचे, अंजनगावजवयच्या शेंडगावचे, 1876 चा जन्म, लहानपन गेलं मामाच्या दापुऱ्याले. बाप दारूनं गेला म्हनून त्याइनं सोताच्या पोरीच्या बारशाले भाऊबंदाइले दारू-मटन नाइ देल्लं, गोडाचं जेवन देल्लं, थ्या जमान्यात केवढी छाती पाह्य. दिवसा खराट्यानं गाव झाडाचे अन् राती कीर्तनात लोकाइलेच प्रश्न इचाराचे, उत्तर बी लोकाइच्याच तोंडातून काढाचे. रीन काढून सन नोको, रीन काढून लगन नोको, ताट नसन त हातावर भाकर घ्या पन पोराले शायेत घाला. हे माह्या बापानं सोता बसून आयकलं, 1956 ले बाबा गेले तवा बाप तरना होता.

त त्याच्यावरून बापानं आमच्या घरचं वाक्य केलं, "मेलेल्याच्या नावानं जिवंताले कर्जात नोको घालू." बोलाले सोपं हाय. माही माय गेली तवा परीक्षा झाली. तेरवीले आमच्या इकडं सारं गाव, साऱ्या सोयऱ्याइची गावं, आता त बुफे बी आला, मंडप बी, मेलेल्याचा मोठा फोटो गेटावर. भाऊबंद म्हनत बुढी भाग्याची होती, थाटात करू. मी म्हनलं घरचे अन् खांदेकरी, बस. गाव बोललं. बोलते, त्याइचं कामच थे होय. मंग उन्हायात दुसऱ्या घरचा इषय भेटला त तिकडं गेले. जे पैसे वाचले थे नातीच्या अमरावतीच्या होस्टेलले भरले.

सोडलेली म्हन म्हनशीन त 'पोया झाला, पाऊस भोया झाला'. आता पोयानंतरच ढगफुटी होऊन रायली अन् गंजीतलं सोयाबीन कोंब धरून रायलं. भोया कायचा.

---

अभ्यासिका_पुसद

वाचून मजा आली पण एक विरोधी मत मांडतो, राग मानू नका. म्हणीची गंमत अशी की दोन्ही बाजूनं मिळतात. गप्प बसायचं असलं तर 'झाकली मूठ सव्वा लाखाची', बोलायचं असलं तर 'बोलणाऱ्याची बोरंही विकतात'. म्हणजे माणूस आधी ठरवते काय करायचं ते अन् मग म्हण शोधते. धुऱ्यावरच्या भाऊचे आबाजी माती उकरून पाहत होते म्हणून वाचले, वाक्यामुळे नाही. त्यांनी तेच काम मुक्यानं केलं असतं तरी पीक आलंच असतं.

अन् सिस्टरच्या मुद्द्याला धरून अजून एक न लिहिलेलं वाक्य सांगतो. "भरू नको, माफ होते." प्रत्येक निवडणुकीच्या आधी हे सुरू होते. 2017 ला दीड लाखापर्यंत माफी झाली, 2019 ला दोन लाखापर्यंत. माझ्या वडिलांनी 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणत दरवर्षी मार्चच्या आत कर्ज भरलं, अन् ज्यांनी थकवलं त्यांचं माफ झालं. नियमित भरणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून 50 हजारांपर्यंत देऊ म्हटलं, ते हातात यायला 2022 उजाडलं. तेवढी वर्षं वडील पारावर येडे ठरले. आता सांगा कोणती म्हण खरी? मी काही कर्ज बुडवा म्हणत नाही. पण गरिबाला काटकसर शिकवणाऱ्या म्हणी ढीगभर आहेत, अन् भाव पाडणाऱ्यासाठी एक पण नाही, हे मला खटकते.

---

धुऱ्यावरचा_पोट्टा

भाऊ शेवटचा मुद्दा एकशे एक टक्के पटला. हमीभावाच्या खाली घेणाऱ्यासाठी खरंच म्हण नाही, शिव्या आहेत पण त्या इथं चालणार नाही.

पण आबाजीबद्दल असहमत. आबाजी आता नाहीत ना, उकरायला मलेच जावं लागते. अन् खरं सांगतो, गावातले ट्रॅक्टर निघाले की उकरायची इच्छाच होत नाही, मन म्हणते झाली ओल, पेर. तेव्हा ते वाक्य कानात नसतं तर मी पावडं उचललंच नसतं. माती पाहायचं ज्ञान गावात सगळ्यालेच आहे, त्या दिवशी आठवण कोण देते हा प्रश्न आहे.

काका, तुमचं कर्जाबद्दल काय मत? अन् तेरवीचं एक विचारायचं होतं, तुम्ही भावाइले कसं पटवलं? आमच्याकडे मोठे बाबा सीरियस आहेत, आतापासूनच मंडपाची भाषा चालू झाली, मले ते ऐकवत नाही.

---

खारपाणपट्टा

कर्जाचं म्हनशीन त पुसदच्या पोट्ट्याचा बाप येडा नाइ. सोसायटीचं येळेवर भरलं त 3 लाखालोक शून्य टक्के पडते. थकलं का नवं भेटत नाइ, मंग जून मइन्यात बियान्याले पैसा कुठून आनशीन? सावकार. थो शेकडा तीन-पाच मइन्याले घेते अन् त्याची माफी कोनतं सरकार करत नाइ. माफी आली त आली, लॉटरीवर वावर पेरता येत नाइ. पन पोट्टं म्हनते थे बी खोटं नाइ, भरनाऱ्याले सरकारनं लटकवलं थे वाईटच झालं.

तेरवीचं. भावाले आधी नोको सांगू, भावाची बायको सांगते लोक काय म्हनतीन. आधी घरातली सर्वात म्हातारी बाई पकड. आमच्या इथं आत्या होती, मायची ननंद. तिले म्हनलं, आत्या, मायनं आयुष्यभर एक लुगडं धुऊन घातलं, अन् तिच्या नावानं मी व्याज भरू का? आत्या म्हनली नोको भरू. मंग आत्याच साऱ्याइले सांगत फिरली, भाऊ कोन बोलते तिच्या पुढं. पान वाढलं साधंच, वरन, भात, पोई, वांग्याची भाजी अन् मायले गुलगुले आवडाचे म्हनून गुलगुले. खांदेकऱ्याइले दुपट्टा देल्ला, टोपी नाइ. अन् एक ध्यानात ठेव, हे बोलनं मानूस असतानी कराचं नाइ अन् गेल्यावर तिसऱ्या दिवसाच्या पुढं बी नाइ न्याचं, तोवर केटरिंगवाला येऊन अॅडव्हान्स घेऊन जाते.

तुह्या मोठ्या बाबाले आधी बरं वाटू दे. कोन्या दवाखान्यात हायेत? नातू म्हनते बस झालं आबा, मॅच चालू झाली.